ठिगळांचा घेरदार स्कर्ट: आधी घेराचं गणित, मग कात्री

तुमचा प्रश्न मला असा समजला. घरात तीन जुन्या सुती साड्या आहेत, कुर्त्यांची उरलेली कापडं आहेत, खणाचे दोन ब्लाऊजपीस आहेत आणि एक फाटकी जीन्स आहे. यातून घोट्यापर्यंत येणारा, भरपूर घेराचा, बोहेमियन ढंगाचा ठिगळांचा स्कर्ट शिवायचाय. एकदा करून पाहिलात: तुकडे जोडून आधी चादरीएवढं कापड तयार केलं आणि त्यातून अंब्रेला, म्हणजे छत्रीसारखा गोल घेर, कापला. खालची कड कुठे लोंबली, कुठे वर चढली, कमरेशी जाड गोळा झाला आणि पहिल्याच धुण्यात आतून धागे सुटायला लागले. कंबर ३४, सीट (नितंबांचा घेर) ४२, लांबी ३८ इंच. मशीन पायाची, फक्त सरळ शिलाईची. आता तुम्ही विचारताय की तुकडे नीट जोडायची पद्धत कोणती.

माझ्या मते तुकडे जोडण्यात तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. अडचण आहे ती ठिगळाच्या कापडातून गोल कापण्यात. अंब्रेला घेरात कापडाचा काही भाग उभ्या धाग्यावर येतो, काही आडव्यावर आणि मधला सगळा उरेब, म्हणजे तिरपा. साध्या अखंड कापडातसुद्धा उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो, म्हणून तर अंब्रेला रात्रभर टांगून ठेवतात आणि मग खालची कड सारखी करतात. ठिगळांत भर अशी पडते की कापड ओढ खातं, पण त्यातल्या शिवणी ओढ खात नाहीत. मग दोन शिवणींच्या मधला भाग लोंबतो आणि शिवण जागच्या जागी राहते. ते टांगून ठेवलंत तरी सुधारणार नाही.

म्हणून ठिगळांना थरांचा स्कर्ट शोभतो. एकाखाली एक सरळ पट्टे, प्रत्येक पट्टा वरच्यापेक्षा लांब आणि चुण्या घालून वरच्याला जोडलेला. कापड कुठेच उरेब येत नाही. गोव्यात हणजुण्याच्या (अंजुनाच्या) बुधवारच्या बाजारात असले स्कर्ट टांगलेले दिसतात. कधी गेलात तर एखादा उलटा करून बघा, थरांचाच निघेल. आपल्याकडच्या बंजारा बायकांच्या फेटियाचा (घागऱ्याचा) घेरही चुण्यांवरच उभा असतो. सरळ कापड कमरेत गोळा करायचं आणि खाली मोकळं सोडायचं, हे फार जुनं आणि भरवशाचं तंत्र आहे.

आता गणित. हे कागदावर झाल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका.

कमरेला इलास्टिक घालणार असाल तर वरच्या थराची रुंदी कंबरेवरून नाही, सीटवरून ठरते, कारण चेन नसलेला स्कर्ट सीटवरून वर चढला पाहिजे. ४२ अधिक ४ सैल, म्हणजे ४६ इंच. पुढचा प्रत्येक थर आधीच्या दीडपट घ्या. ४६ चे ६९, ६९ चे १०३, १०३ चे १५५. म्हणजे खालचा घेर जवळपास चार मीटर. बऱ्याच ठिकाणी ‘दुप्पट घ्या’ असं सांगितलेलं असतं. तुमच्या मापाला दुप्पट धरून बघा: ४६, ९२, १८४, ३६८. खाली सव्वानऊ मीटरच्या वर घेर! रंगमंचावर गिरकी घ्यायला तो छान, पण ऑफिसला जाताना बसमध्ये चढायला नाही. मलमलीसारखं विरविरीत कापड असेल तर दुप्पट खपून जातं, एरवी दीडपट पुरे. सव्वापटीच्या खाली मात्र जाऊ नका, चुण्या दिसतच नाहीत, नुसतं शिवताना कापड गोळा झाल्यासारखं वाटतं.

लांबी अशी वाटून घ्या: वरचा थर ८ इंच, खालचे तीन १०-१० इंचांचे. वरचा थर अखंड, एका साध्या कापडाचा ठेवा, त्यात ठिगळं नकोत. तुमच्या कमरेशी जो गोळा आला तो याच कारणाने. नेफ्यात कापड दुमडतं, इलास्टिकवर गोळा होतं, आणि त्यात ठिगळांच्या शिवणींची जाडी आली की पोटावर पट्टा बांधल्यासारखं दिसतं. कुर्ता किंवा टॉप वरून आला की ते आठ इंच तसेही झाकले जातात. सगळी करामत खाली करा.

ठिगळांचं माप मी तयार ५ इंच धरते, म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच माया (शिवणीत जाणारं जास्तीचं कापड) धरून साडेपाच इंचांचा चौकोन कापायचा. १० इंचांच्या थरात अशा दोन ओळी बसतात. दुसऱ्या थराला एका ओळीत १४, तिसऱ्याला २१, चौथ्याला ३१. दोन-दोन ओळींचे मिळून २८, ४२ आणि ६२, एकूण १३२ चौकोन. ४४ इंच पन्ह्यात (कापडाच्या रुंदीत) किनार सोडून आडवे ७ निघतात, तेव्हा सगळं मिळून पावणेतीन मीटरच्या आसपास कापड लागेल. ८० सेंटिमीटरच्या एका ब्लाऊजपीसमधून पन्हा ४४ असेल तर ३५ चौकोन निघतात. तुमच्याकडे साड्याच तीन आहेत, म्हणजे कापड कमी पडायचा प्रश्न नाही, कुठलं वगळायचं हाच प्रश्न आहे.

चौकोन याहून लहान केले तर नाजूक दिसतील असं वाटतं, आणि भिंतीवर टांगायला दिसतीलही. पण मायेचा हिशोब करा. ५ इंचांच्या तयार चौकोनाला साडेपाचाचा तुकडा, म्हणजे तयार मापाच्या साधारण २१ टक्के जास्तीचं कापड नुसतं शिवणीत जातं. ३ इंचांच्या चौकोनाला तेच ३६ टक्के होतं. हे जास्तीचं कापड कुठे जात नाही, आत दुमडून स्कर्टातच राहतं. स्कर्ट जड होतो, ताठ होतो, आणि चुण्या पडायच्या ऐवजी पुठ्ठ्यासारखा उभा राहतो. गोधडीला ते चालतं, अंगावर पडणाऱ्या कापडाला नाही. चार इंचांच्या खाली मी जात नाही.

वजनावरून जीन्सची गोष्ट. ती बाजूला ठेवा, पिशवी शिवा तिची. साधं पॉपलिन किंवा केंब्रिक चौरस मीटरला शंभर-सव्वाशे ग्रॅमचं असतं, त्याचा हा स्कर्ट माया धरून तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा होईल. जीन्सचं कापड त्याच्या तिपटीच्या आसपास भरतं. वजन हा एक भाग झाला. चार जाड आणि चार पातळ तुकडे शेजारी आले की चुण्या जाड तुकड्यावर थांबतात आणि पातळ तुकड्यात कोंबल्या जातात. एका स्कर्टात रंग हवे तेवढे वेगळे घ्या, कापडाची जाडी मात्र सारखी ठेवा. कापड हाताच्या मुठीत चुरगळून सोडलं की ते कसं उलगडतं ते बघायचं. जे सारखं उलगडतं ते एकत्र चालतं.

खणाचं कापड देखणं, पण कापलेल्या कडेला त्याचे धागे फार सुटतात आणि पाव इंच मायेत ते टिकत नाही. हौस असेल तर तिसऱ्या थरात थोडे चौकोन घाला, पण कापण्याआधी मागून पातळ फ्युझिंग (चिकटणारं अस्तर) इस्त्रीने चिकटवा, किंवा खण तसाच पट्टी म्हणून वापरा. मी असते तर पट्टीच केली असती.

जुन्या साड्यांबद्दल इथे थोडं थांबते, कारण स्कर्ट फाटतो तो बहुतेक वेळा इथेच. साडी उजेडासमोर धरा. जिथे विणीत मधूनमधून उजेडाच्या रेघा दिसतात ते कापड गेलेलं असतं. मग दोन्ही अंगठे जवळ ठेवून उभ्या धाग्यात एक झटका द्या, मग आडव्या धाग्यात. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला तर तो भाग बाजूला. मांडीवर येणारा आणि बसायच्या जागेचा भाग आधी विरतो. साडीचं आत खोचलेलं टोक आणि निऱ्यांच्या आतल्या घड्या बऱ्याचदा ठणठणीत असतात. शिवाय थरांच्या स्कर्टात सगळ्यात वरच्या शिवणीवर खालच्या सगळ्या थरांचा भार असतो. म्हणून दुसऱ्या थरात नवी, घट्ट कापडं घ्या. मऊ झालेली साडी तिसऱ्यात. शेवटच्या थरावर पाय पडतो, जिन्यावर तो घासतो, तिथे पुन्हा मजबूत कापड.

सगळी कापडं कापण्याआधी धुवा, आणि सगळी म्हणजे सगळी. साडी इतकी वर्षं धुतली गेलीय की ती आता आटणार नाही, पण कोरं सुती कापड तीन ते पाच टक्के सहज आटतं. १०३ इंचांच्या थरात तीन टक्के म्हणजे तीन इंच. न धुता जोडलंत तर पहिल्या धुण्यानंतर कोरे तुकडे आकसतील आणि त्यांच्या शेजारची साडी फुगेल. रंगाची परीक्षा याच वेळी करा: ओल्या कापडावर पांढरा रुमाल ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. लाल, काळा, निळीचा गडद निळा हे तीन रंग संशयित. रुमालाला रंग लागला तर ते कापड दोनतीनदा वेगळं धुवा, तरीही सोडत असेल तर त्याचा मोह सोडा. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो असं सगळ्यांची आई सांगते, माझीही सांगायची, पण जो रंग कारखान्यात कापडाने धरला नाही तो घरच्या मिठाने धरत नाही.

आता जोडणी. १३२ चौकोन सुटे कापून एकेक जोडत बसू नका, हात दुखतील आणि मापही हुकेल. दोन वेगळ्या कापडांच्या साडेपाच इंच रुंदीच्या लांब पट्ट्या काढा, त्या लांबीत एकमेकींना शिवा, शिवण गडद कापडाच्या बाजूला वळवून इस्त्री करा. मग त्या जोडपट्टीचे आडवे साडेपाच-साडेपाच इंचांचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकडा म्हणजे वर एक चौकोन, खाली एक चौकोन, आयते जोडलेले. असे जोड शेजारी-शेजारी लावताना एक सुलटा, एक उलटा फिरवून घ्या. यात एक छान गोष्ट घडते: उलट्या जोडाची शिवण दुसऱ्या दिशेला वळलेली असते, त्यामुळे मधल्या चौकात, म्हणजे चार कोपरे भेटतात तिथे, दोन्हीकडच्या माया एकमेकींच्या समोर न येता पाठीला पाठ लावून बसतात. बोटाने चाचपलं की तिथे एक खाच लागते, ती जुळली की टाचणी लावायचीही गरज नाही. आठ-दहा जोडपट्ट्या वेगवेगळ्या कापडांच्या केल्या की भरपूर विविधता येते.

अचूकपणाची काळजी किती करायची, हेही सांगते, कारण नवशिक्या बायका नको तिथे जीव काढतात. थराच्या लांबीत एकेका चौकोनामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) जास्त गेलं तर ३१ चौकोनांत जवळपास चार इंच जातात. ऐकायला भयंकर, पण ते चार इंच चुण्यांत विरघळतात, कुणाला कळतही नाही. उंचीतलं एक सूत मात्र लपत नाही. एक चौकोन साडेपाचाचा आणि शेजारचा साडेपाचाला सूत कमी असेल तर थराची कड दातेरी होते आणि खालची सगळी शिवण तिच्यामागे नागमोडी जाते. म्हणून पट्ट्यांची रुंदी काटेकोर ठेवा. पूर्ण थर जोडून झाला की जमिनीवर पसरा आणि वरची-खालची कड फूटपट्टीने एकदा सरळ करून घ्या.

वरचा अखंड थर ४७ इंच लांब आणि साडेदहा इंच उंच कापा. त्यातला दीड इंच नेफ्याला जातो (पाव इंच आत दुमड, सव्वा इंच नेफा, त्यात एक इंची इलास्टिक). थर एकमेकांना जोडताना पाव इंचाऐवजी तीन सूत माया धरावी, चुण्यांच्या जाडीला पाव इंच पुरत नाही. त्यामुळे ठिगळांचे थर तयार झाल्यावर दहाला थोडे कमी भरतात. वरच्या थरात ती कसर धरलेली आहे, लांबी ३८ च भरेल. इलास्टिक कंबरेपेक्षा तीन इंच कमी, म्हणजे ३१, अधिक एक इंच जोडाला. पण इलास्टिकची ओढ प्रत्येक दुकानाची वेगळी, तेव्हा शिवण्याआधी कमरेला लावून बसून बघा. उभं राहून बरं वाटणारं इलास्टिक जेवायला बसल्यावर रुततं.

चुण्यांसाठी टाका सगळ्यात लांब करा, वरच्या दोऱ्याचा ताण सैल करा आणि कडेपासून दीड सुतावर एक आणि जवळपास अर्ध्या इंचावर दुसरी अशा दोन ओळी मारा. दोन्हींच्या मधून जोडशिवण जाते, म्हणून चुण्या चपट्या होत नाहीत. खालची ओळ नंतर काढून टाकायची. शटलचा, म्हणजे बॉबिनचा दोरा ओढायचा, वरचा नाही. १५५ इंच एका दमात ओढायला जाल तर शेवटच्या वीतभर अंतरात दोरा तुटणार. थराचे आठ भाग करा, प्रत्येक भागाच्या शेवटी दोरा तोडून नवी ओळ सुरू करा. वरच्या थराच्याही आठ खुणा करा, खुणेला खूण टाचा आणि मग मधल्या चुण्या वाटा. ठिगळांच्या उभ्या शिवणी आडव्या येतात तिथे चुण्या अडतात. सुईच्या टोकाने त्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना सारख्या सरकवा. जोडताना चुण्यांची बाजू वर, डोळ्यांसमोर असू द्या. खाली ठेवलीत तर एखादी चुणी मुडपून शिवली जाईल आणि ते सुलट बाजूने बघितल्यावरच कळेल. उभी बाजूची शिवण कधी घालायची यावर मतं वेगळी आहेत. मी प्रत्येक थराचं आधी वेटोळं करून घेते, कारण मग चुण्या सगळीकडे सारख्या वाटता येतात. लहान मशीनवर वेटोळं आवरत नसेल तर सगळे थर सपाट जोडून शेवटी एकच उभी शिवण घाला. दिसायला फरक फारसा नाही.

धागे सुटण्याचं उत्तर: तुमच्या मशीनवर झिगझॅग नाही, म्हणून जोडपट्ट्यांच्या लांब शिवणी आडवे तुकडे पाडण्याआधी, आणि थराच्या उभ्या शिवणी चुण्या घालण्याआधी, जवळच्या फॉल-पिकोवाल्याकडे इंटरलॉक करून घ्या. त्याला आवर्जून सांगा की कड कापायची नाही, नाहीतर मशीनचं पातं पाव इंचातली अर्धी माया खाऊन टाकेल. तो पर्याय नसेल तर शिवणीला लागून दुसरी शिलाई मारा आणि माया एका बाजूला वळवून सुलट बाजूने काठाकाठाने एक शिलाई द्या. वेळ जातो, पण मजबुती इंटरलॉकपेक्षा जास्त येते आणि ठिगळं उठून दिसतात. पूर्ण अस्तर लावायच्या भानगडीत पडू नका, वजन दुप्पट होईल आणि चुण्या बसतील. आत परकर घाला.

खालच्या कडेला साडीचा काठ वापरा. सहावारीची लांबी सव्वापाच-साडेपाच मीटर, म्हणजे दोनशे इंचांच्या पुढे, तुम्हाला १५५ हवेत. काठ आधी उलट बाजूला पाव इंचावर शिवायचा, मग सुलट बाजूला पलटून वरून शिलाई मारायची. कच्ची कड आपोआप झाकली जाते, दुमडायची गरज नाही, आणि काठाच्या वजनाने घेर नीट पडतो. लांबीबद्दल एक: स्कूटर चालवत असाल तर ३८ ऐवजी ३५ करा. मागे बसणाऱ्यांनी तर नक्कीच.

रंग कसे लावावेत हे ज्याच्या-त्याच्या नजरेवर आहे, त्यात मी पडणार नाही. एवढंच करून बघा: जोड पाडून झाले की जमिनीवर थराप्रमाणे मांडा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. एकाच जागी सगळं गडद किंवा सगळं फिकट दिसलं तर तिथे अदलाबदल करा. नुसत्या डोळ्यांना लाल आणि हिरवा वेगळे दिसतात, फोटोत कळतं की दोन्ही सारखेच गडद आहेत. आणि वरच्या अखंड थराचं कापड खाली प्रत्येक थरात थोडं तरी येऊ द्या, म्हणजे वरचा भाग वेगळ्या स्कर्टाचा लावल्यासारखा वाटत नाही.

हे सगळं एकदम जड वाटत असेल तर पहिल्या वेळी फक्त शेवटचा थर ठिगळांचा करा, वरचे तीन साध्या कापडाचे. ६२ चौकोन, रविवारी दुपारी होतात. चुण्यांचा हात बसला की पुढचा स्कर्ट पूर्ण ठिगळांचा.

राहिला मशीनचा प्रश्न. पायाच्या काळ्या मशीनवर हे उत्तम होतं, उलट जाड जोडांवर ती नव्या हलक्या मशीनपेक्षा कमी अडते. १४ नंबरची नवी सुई घाला, साडीचं पातळ कापड जास्त असेल तर ११. ठिगळं जोडताना टाका बारीक ठेवा, इंचाला दहा-बारा, कारण आडवं कापताना प्रत्येक शिवण मधूनच तुटते आणि लांब टाके टोकाला उसवतात. चौकांवरून जाताना चाक हाताने फिरवा.